तुळई कोणामुळे पडली

मित्रांनो, मी फळा आहे. चाळीस वर्षांचा. अंगात वरपासून खालपर्यंत चीर गेली आहे, एक कोपरा फुटला आहे आणि आता मी शाळेच्या मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभा आहे. मी तुम्हांला माझी जीवनकथा सांगणार आहे खरी, पण ती माझी कमी आणि दिवलीबाईची जास्त आहे. ती सांगताना मला आजही राग येतो. म्हातारपणी राग बरा नव्हे असे म्हणतात. म्हणोत बापडे.

मी सातपुड्याच्या उतारावरच्या सागाचा. १९०८ साली तळोद्याच्या एका सुताराने तीन फळ्या जोडून मला घडवले. लोकल बोर्डाच्या नव्या शाळेसाठी बैलगाडीत घालून मला डोंगराच्या पायथ्याशी एका गावी आणले. गावाचे नाव सांगत नाही. या कथेतल्या माणसांची नातवंडे अजून तिथे नांदत आहेत.

शाळेत शेतकऱ्यांची पोरे येत आणि वरच्या पाड्यांवरची भिल्लांची पोरेही येत. कोणी घरी अहिराणी बोले, कोणी भिली. पुस्तकातली मराठी दोघांनाही सारखीच परकी होती. घरी 'शे' म्हणणारी पोरे माझ्यासमोर बसून 'आहे' म्हणायला शिकली. मला त्याचा फार अभिमान वाटे. पहिल्या तपासणीला आलेल्या एका म्हाताऱ्या साहेबांनी माझ्यावरून बोट फिरवले होते आणि म्हणाले होते, "फळा उत्तम आहे." ती एवढीच काय ती माझी शाबासकी. मी ती पुष्कळ वर्षे जपली.

पण फळा उत्तम राहतो तो आपोआप नव्हे. त्याला आठवड्याला काळे करावे लागते. ते काम दिवलीबाई करी.

दिवलीबाई वरच्या पाड्यावरची. मानमोडी तापाच्या साथीत तिचा नवरा गेला आणि त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९१९ साली, ती शाळेत पाणी भरायला आणि झाडायला लागली. अंगाने काटक, बोलायला थोडी. सकाळी सर्वांच्या आधी येऊन ती दार उघडी. दोन माठ भरी. शेण-मातीने जमीन सारवी. दर शनिवारी घरून आणलेला कोळसा ती पाट्यावर बारीक वाटी, वेलाच्या पानांचा रस त्यात कालवी आणि फडक्याने माझ्या अंगभर तो लेप चोळी. तिचा हात खरखरीत होता, पण एवढ्या मन लावून माझ्याकडे कोणी बघितले नसेल. माझ्यावर काय लिहितात ते तिला वाचता येत नव्हते. ते नीट उमटावे म्हणून मात्र ती झटत असे.

१९३१ साली पितांबर गुरुजी या शाळेवर आले. तापीकाठच्या शेतकरी घरातले, तरुण, धोतर गुडघ्याच्या जरा खाली आणि आवाज खणखणीत. वर्गात शुद्ध बोलत. रागावले की मात्र अहिराणी बाहेर पडे. आल्याआल्या त्यांनी वर बघितले. शाळेच्या मधोमध जी मोठी तुळई होती, तिला वाळवी लागलेली त्यांना दिसली. दक्षिणेकडचे तिचे टोक भिंतीतून सुटू लागले होते. त्याच टोकाखाली बिगरीची, म्हणजे सर्वांत लहान मुले बसत.

गुरुजींनी वरिष्ठांना, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबांना, पत्र लिहायचे ठरवले. चौथीच्या वर्गाला तेव्हा पत्रलेखन शिकवायचे होतेच. म्हणून १९३२ च्या उन्हाळ्यात त्यांनी ते खरे पत्रच धडा म्हणून माझ्यावर लिहिले. सगळ्या चौथीने ते वहीत तारखेसकट उतरवून घेतले. अजून मला ते पाठ आहे:

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी सा. न. वि. वि. शाळेचे मधले तुळईस वाळवी लागली असून दक्षिणेकडील टोक भिंतीतून दोन बोटे सुटले आहे. खाली लहान मुले बसतात. तरी पावसाळ्यापूर्वी बंदोबस्त व्हावा ही विनंती."

उत्तर आले नाही. पुढच्या वर्षी गुरुजींनी पुन्हा पत्र धाडले आणि नव्या चौथीला तेच पत्र शिकवले. फक्त 'दोन बोटे'च्या जागी 'तीन बोटे' झाले. त्याच्या पुढच्या वर्षी चार. असे सात उन्हाळे गेले. सातव्या पत्रात 'वीतभर' हा शब्द आला. दरम्यान साहेब तपासणीला दोनदा येऊन गेले. बैलांच्या दमणीतून उतरले, अंगणातल्या निंबाखाली खुर्चीवर बसले, मुलांच्या दोन कविता ऐकल्या आणि शेरेबुकात लिहून गेले, 'इमारत सुस्थितीत.' आत पाऊल नाही, वर नजर नाही. सुस्थितीत! गुरुजींनी बोट दाखवून सांगितले, तेव्हा साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकवण्याकडे लक्ष द्या."

मग १९३८ चा भाद्रपद आला. शनिवार होता. सकाळची शाळा. गुरुजी मोठ्या मुलांची कवायत अंगणात घेत होते. आत बिगरीची अकरा मुले पाट्यांवर ग-ग गिरवत होती. दिवलीबाई माझ्या पायाशी बसून कोळसा वाटत होती.

वर काहीतरी कडकडले. मी ऐकले, तिनेही ऐकले. ती जंगलातली बाई. लाकूड मोडण्याआधी कसे कण्हते ते तिला माहीत होते. तिने वरवंटा टाकला, हातातले फडके फेकले आणि आपल्या बोलीत अशी किंचाळली की मुले घाबरून उठलीच. दोघांना काखेत धरून तिने दाराबाहेर लोटले, बाकीच्यांना पाठीत धपाटे घालत हाकलले. दहा बाहेर पडली. अकरावी एक मुलगी पाटी शोधायला परत फिरली. दिवलीबाईने तिला दंडाला धरून फरफटत उंबऱ्याबाहेर भिरकावले आणि त्याच क्षणी तुळई खाली आली.

मुलांनो, एवढ्या जवळून मी असे काही कधी पाहिले नव्हते. तुळईचे टोक मला लागले आणि मी उभा चिरलो. तिचे मधले अंग दिवलीबाईच्या डाव्या हातावर पडले. कौले कोसळली. धुरळा बसला तेव्हा दिसले, तुळई आतून पोकळ होती, पावाच्या लादीसारखी भुसभुशीत.

गुरुजी आणि गावकऱ्यांनी तिला ओढून काढले. शुद्ध आली तेव्हा ती पहिले बोलली ते हे, "पोरे वाचनात का?"

"अकराच्या अकरा वाचली, दिवलीबाई," गुरुजी म्हणाले.

हाडवैद्याने हात बांधला. तो कोपरात वाकडा बसला आणि पुढे कधी सरळ झाला नाही.

आता तुम्हांला वाटेल की तिचा सत्कार झाला असेल. ऐका तर मग काय झाले.

दहा दिवसांनी साहेब चौकशीला आले. दोनदा 'सुस्थितीत' लिहून गेलेले तेच साहेब. या वेळी ते आत आले, कारण आता वरून पडायचे काही उरले नव्हते. त्यांनी सगळीकडे बघितले आणि माझ्या पायाशी थांबले. तिथे पाट्याजवळ कोळशाचे खडे पडलेले होते. सारवलेल्या जमिनीवर काळा डाग होता.

"हा कोळसा कुठला?" साहेबांनी विचारले.

दिवलीबाई दाराशी उभी होती, हात गळ्यात बांधलेला. ती म्हणाली, "फळा काळा करानासाठे आनेल व्हता, साहेब. मी वाटी ऱ्हायनी व्हती."

"वर्गात चूल पेटवत होतीस. धुराने आणि तापाने तुळई उकलली."

"चूल? मी चूल कसाले पेटाडसू शाळामा? ते लाकूड सडेल व्हतं, साहेब. मास्तर सात साल पासून लिखी ऱ्हायना."

"कसले लिहितोय? कचेरीत असले एकही पत्र आलेले नाही," साहेब म्हणाले. सोबतच्या कारकुनाने लिहून घेतले: 'सदरहू बाई गांगरली. समाधानकारक जबाब देता आला नाही.'

गांगरली! मी तिच्यासमोर उभा होतो. ती मुळीच गांगरली नव्हती. ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती आणि त्यांचीच नजर कोळशावरून हलत नव्हती. ज्या कोळशाने एकोणीस वर्षे माझा रंग राखला, तोच तिच्याविरुद्ध पुरावा झाला. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या काळेपणाची लाज वाटली. पुढच्या आठवड्यात हुकूम आला. वर्गात चूल पेटवून सरकारी इमारतीचे नुकसान केल्याबद्दल दिवलीबाईला कामावरून काढले होते.

त्या काळी तालुक्यात मास्तरांचा एक शिक्षक संघ होता. चार वर्षांपूर्वी स्थापन झालेला. अध्यक्ष होते दगाजी मास्तर, नोकरीची शेवटची वर्षे राहिलेले, फेटा बांधणारे, सुंदर हस्ताक्षराचे. आतापर्यंत संघाने वर्षातून एक सभा घ्यावी, एक अर्ज करावा आणि चहा पिऊन पांगावे, असे चालले होते. पितांबर गुरुजींनी त्यांना निरोप धाडला, "या वर्षीची सभा आमच्या शाळेत घ्या. डोळ्यांनी बघा."

रविवारी सकाळी एकेचाळीस मास्तर जमले. डोक्यावर छप्पर नव्हते, वर नुसते आभाळ. सभेची सुरुवात म्हणून दगाजी मास्तरांनी नेहमीप्रमाणे संघाचा पहिला नियम माझ्यावर लिहिला. माझ्या चिरेला चुकवत, वळणदार अक्षरात: 'शाळा, शाळेतील मुले व शाळेसाठी राबणारे यांचे हित पाहणे हा या संघाचा उद्देश आहे.'

पितांबर गुरुजींनी दिवलीबाईचा विषय मांडला. संघाने तिच्या बाजूने उभे राहावे, एवढेच ते म्हणाले. लगेच कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला, "संघ शिक्षकांचा. ती शिक्षक आहे का?" दुसरा म्हणाला, "साहेबांच्या हातात आपल्या बदल्या आहेत." तिसरा तर म्हणाला, "आज पाणीवालीसाठी भांडायचे, उद्या तिच्या मांडीला मांडी लावून जाजमावर बसायचे काय?"

दगाजी मास्तर खाली बघत म्हणाले, "पितांबर, वाईट झाले खरे. पण आपल्या नियमात ते बसत नाही."

पितांबर गुरुजी उठले. शुद्ध भाषेत बोलायला लागले आणि दुसऱ्या वाक्याला त्यांची शुद्ध भाषा सुटली. "अध्यक्षमहाराज, ती शिक्षक नाही हे मला मान्य आहे. पण त्या अकरा पोरेसले बाहेर काढानं काम कोनी कयं? तुम्ही कयं? मी कयं? मी तं बाहेर सावधान-विश्राम करी ऱ्हायनू व्हतू! पत्रं मी लिखात, सही मन्ही, आन नोकरी गयी तिन्ही! आज आळ तिन्हावर टाकं, सकाय आपलावर टाकतीन. मंग आपला संघ चहा पेवाले शे का?"

दिवलीबाई बाहेर निंबाखाली बसली होती. तिने सगळे ऐकले होते. ती उठून आत आली. तिच्या मागे करणसिंग होता. तो तिच्याच पाड्यावरचा, इथेच चौथी शिकलेला, पुढे तळोद्याला सातवीची फायनल परीक्षा पास होऊन आता धडगावकडच्या एका शाळेवर मास्तर झालेला. दिवलीबाईने माझ्याकडे बोट केले.

"करणसिंग, तठे काय लिखेल शे? वाची दखाड."

करणसिंगने नियम वाचून दाखवला.

"राबणारे म्हंजे कोन?"

"काम करनारे, मावशी."

"मंग मी एकोणीस साल आठे काय करी ऱ्हायनी व्हती?"

ती कोणावर ओरडली नाही. तिने विचारले आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. एकेचाळीस शिकलेली माणसे, रोज पोरांना प्रश्न विचारणारी, माझ्यावरचा नियम पुन्हा वाचू लागली. दगाजी मास्तर स्वतःच्याच अक्षराकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मी हे चार वर्षे लिहितो आहे. वाचले आज."

करणसिंगने पिशवीतून एक वही काढली. त्याची चौथीची वही. त्यात ते पत्र होते, १९३२ ची तारीख, 'दोन बोटे'. आदल्या दिवशी तो गावात घरोघर फिरला होता. 'तीन बोटे' एका शेतकऱ्याच्या फडताळात सापडली, 'चार बोटे' एका पाड्यावर कुडाला खोचलेली. सहा वर्षांच्या सहा वह्या मिळाल्या. सातव्या वर्षीच्या पोरांनी तर वहीशिवाय पत्र घडघडा म्हणून दाखवले. कचेरीत न पोहोचलेले पत्र आख्ख्या गावाला पाठ होते.

हात वर करायला सांगितले तेव्हा सव्वीस हात वर गेले. नऊ जण जाजमावरून उठून गेले, ते संघात परत आले नाहीत. उरलेले मान खाली घालून बसले. त्याच दिवशी संघाचे नाव बदलले. 'शिक्षक' पुसून दगाजी मास्तरांनी माझ्यावर 'शाळा सेवक संघ' असे लिहिले. मास्तर, पाणी भरणारी, झाडणारा, पहारा करणारा, सारे त्यात. शिक्षकांखेरीज पहिले नाव घातले ते दिवलीबाईचे.

मग त्यांनी काय केले ते करणसिंगच्या तोंडून मी ऐकले. एका सोमवारी तालुक्यातल्या पंचवीस शाळांच्या चौथीला एकच धडा होता, पत्रलेखन. प्रत्येक मुलाने आपापल्या शाळेच्या छपराची खरी हकीकत लिहिली. कुठे कौले फुटलेली, कुठे भिंतीला पोक आलेले. सहाशेवर पत्रे झाली. ज्या शाळांची छपरे धोक्याची होती, त्यांचे वर्ग त्या दिवसापासून झाडाखाली भरू लागले. पत्रांचे गाठोडे दगाजी मास्तरांनी स्वतः डोक्यावर घेतले, फेट्यावरच, आणि सव्वीस जण कचेरीत गेले.

कारकून म्हणाला, "ठेवून जा."

दगाजी मास्तर म्हणाले, "मागची सात तुमच्याकडे आलीच नाहीत म्हणता. म्हणून या प्रत्येकाची वेगळी पोच लिहून द्या. आम्ही बसतो." आणि ते खरेच ओट्यावर बसले. ज्या माणसाने जन्मभर साहेबापुढे खुर्चीला पाठ टेकली नव्हती, तो कचेरीच्या भिंतीला टेकून बसला. कारकुनाने पोच लिहायला घेतली आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत त्याची बोटे आखडली. आतून साहेबांना बाहेर यावे लागले. करणसिंगने सहा वह्या त्यांच्यासमोर उघडून धरल्या.

सात महिन्यांनी हुकूम आला, 'सदरहू बाईस कामावर परत घ्यावे.' छपरे दुरुस्त झाली, सगळी नव्हे, पण सतरा झाली. हे संघाने मिळवले आणि त्याचा मला आनंद आहे. पण न्याय झाला असे मला कोणी सांगू नका. साहेबांची बदली झाली ती बढतीवर. पितांबर गुरुजींचीही बदली झाली. त्यांना अक्राणीत, दोन दिवस पायी चालून पोहोचावे अशा पाड्यावर पाठवले. निघताना ते दिवलीबाईला नमस्कार करायला गेले, तर ती म्हणाली, "जाय, भाऊ. तठे बी पोरे शेतस." ते गेले आणि तिथेही त्यांनी संघाचे सभासद केले, असे ऐकतो.

आणि दिवलीबाई? वाकड्या हाताने तिने आणखी आठ वर्षे माठ भरले. एका हाताने कोळसा वाटता येत नाही, म्हणून पाटा पायाने दाबून धरी. माझी चीर तिने मेण आणि भुसा भरून बुजवली होती. १९४७ च्या सुरुवातीला तिला कामावरून निवृत्त केले. त्याच वर्षी शाळेला नवा, मोठा फळा आला आणि मी पडवीत आलो. तेव्हापासून माझ्यावर कोणी लिहिले नाही. कोंबड्या माझ्यामागे अंडी घालतात. मला त्याचे फारसे दुःख नाही. फळा जुना होतोच.

माझे दुःख वेगळे आहे. तिला कामावर परत घेतल्याच्या हुकुमात ती निर्दोष असल्याचे लिहिलेच नव्हते. 'दया म्हणून' असे लिहिले होते. दया! करणसिंग दर वर्षी अर्ज करतो की चौकशीचा कागद दुरुस्त करा. दिवलीबाई त्याला दर वर्षी विचारी, "कागद बदलना का?" तो नकारार्थी मान हलवी. मागच्या पौषात ती वारली. कागद तसाच आहे.

मित्रांनो, जुन्या फळ्याला जपा, शाळेच्या वस्तू नीट वापरा, असे तुम्ही नेहमीच ऐकता. तेही करा. पण आधी आपल्या शाळेतल्या माणसांना जपा. शाळेचे दार सकाळी कोण उघडते, त्याचे नाव विचारून ठेवा. तुमच्यापैकी कोणीतरी मोठे होऊन एक दिवस त्या कचेरीत खुर्चीवर बसेल. तेव्हा १९३८ सालची ती फाईल काढा. त्यात लिहिले आहे की वर्गात चूल पेटवल्याने तुळई पडली. ते खोटे आहे. ती ओळ खोडा, वर खरे लिहा आणि खाली आपली पूर्ण सही करा.